कुठला पाटील?

ऑफिसच्या मेल-आयडीत माझ्या नावापुढे २ हा आकडा आहे. मी रुजू झालो तेव्हा कंपनीत एक शुभम पाटील आधीच होता. तो बंगळुरूच्या ऑफिसात बसतो, मी पुण्यात. आम्ही कधी भेटलेलो नाही. पण एकमेकांचे मेल आम्ही इतके वाचले आहेत की त्याच्या फ्लॅटचा करार कधी संपतो हे मला माहीत आहे, आणि माझं दातांचं बिल विम्यात का बसलं नाही हे त्याला.

१९९५ ते २००० या काळात महाराष्ट्रात जन्मलेल्यांना हे सांगायला नको. आमच्या शाळेच्या वर्गात चार शुभम होते. बाई शेवटी हजेरीच्या नंबरावर आल्या. हॉस्टेलवर सातारा शुभम, जाड्या शुभम आणि नुसता शुभम असे तिघे होतो. नुसता म्हणजे मी. आडनावाने काही मदत होईल म्हणावं, तर ते पाटील. पाटील हे मुळात आडनावच नाही, हुद्दा आहे. गावाला पाटील एकच असायचा, तेव्हा 'पाटील' म्हटलं की पत्ता पुरा व्हायचा. आज तोच शब्द लाखो लोकांच्या नावामागे आहे आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून गावात अजूनही पुढचा प्रश्न विचारतात, "कुठला पाटील? वरच्या आळीतला का खालच्या?"

हा प्रश्न मी एकदा विचारायला हवा होता, आणि विचारला नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी मला क्लायंटकडून मेल आला. मंगळवारी रात्री पेमेंटचा हिशोब जुळवणारी सिस्टीम अडकली होती. शुभम पाटीलने पहाटे तीनपर्यंत बसून नेमकं कारण शोधलं आणि सकाळी बाजार उघडायच्या आत सगळं सुरळीत केलं, त्याचं मनापासून कौतुक, असा मजकूर. सीसीमध्ये माझा मॅनेजर. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात त्याच प्रॉडक्टच्या रिपोर्टच्या पानावर मीही एक किरकोळ दुरुस्ती केली होती. त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट मला खरंच वाटलं की माझंच कौतुक आहे. मग 'मंगळवारी रात्री' हे शब्द पुन्हा वाचले. मंगळवारी रात्री मी साडेअकराला झोपलो होतो.

दहा मिनिटांत मॅनेजरने सगळ्यांना उत्तर दिलं, 'शाब्बास शुभम, टीमला अभिमान आहे.' खाली अकरा जणांचे टाळ्यांचे इमोजी. संध्याकाळी पाच हजारांचं गिफ्ट व्हाउचर माझ्या खात्यात आलं. सोमवारपासून अप्रेझलचे फॉर्म उघडणार होते.

मी खरं सांगितलं ते अकरा दिवसांनी. फॉर्म बंद झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी. याला योगायोग म्हणता येईल. मी म्हणत नाही.

या अकरा दिवसांत मी स्वतःला जी कारणं दिली, ती एकेक करून तपासायची आहेत. ती मला मूर्खपणाची वाटली नव्हती. अजूनही त्यातली एक-दोन पटकन खोडता येत नाहीत.

पहिलं कारण असं की मी काही केलेलंच नाही. खोटं बोललो नाही, फॉर्ममध्ये स्वतःच्या हाताने तसं लिहिलं नाही. चूक पाठवणाऱ्याची. पण मला ती चूक माहीत होती आणि तिचा फायदा माझ्याच खात्यावर जमा होत होता. भाजीवाल्याने शंभराऐवजी दोनशेवर हिशोब करून जास्त पैसे परत दिले आणि आपण मुकाट्याने खिशात घातले, तर 'मी तर हातच पुढे केला होता' हे उत्तर आई ऐकून घेत नाही. चुकीचा उगम माझ्याकडे नव्हता. ती टिकवणारा मात्र मीच होतो, रोज सकाळी लॅपटॉप उघडून, नव्याने.

दुसरं कारण जास्त वजनदार होतं. कामाला नाव लागतंच कुठे? या प्रश्नासाठी मला बोस आठवले. पण कुठले बोस?

'बोस' म्हटलं की कुणाला कानातले हेडफोन आठवतात. ते अमर बोस, एमआयटीतले प्राध्यापक, त्यांनी १९६४ साली कंपनी काढली. विश्वातल्या निम्म्या कणांच्या जातीला 'बोसॉन' म्हणतात, ते सत्येंद्रनाथ बोस, ज्यांनी १९२४ मध्ये आपला लेख आइन्स्टाइनना पाठवला. सत्येंद्रनाथांना प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे जगदीशचंद्र बोस, ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात अतिशय लहान लांबीच्या रेडिओलहरींवर प्रयोग केले. आणि चौथे राजचंद्र बोस, संख्याशास्त्रज्ञ. १९५९ मध्ये त्यांनी, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासोबत, ऑयलरचं १७८२ सालचं एक अनुमान चुकीचं ठरवलं. हे श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

यातले राजचंद्र बोस तुम्ही आज बहुतेक वापरले असतील. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड घ्या. वाफेने, तेलकट हातांनी, उन्हाने त्याची दशा झालेली असते, तरी फोन तो वाचतो. कारण त्यात चुका दुरुस्त करणारं गणित भरलेलं असतं. मुख्य मजकूर रीड–सॉलोमन पद्धतीचा कोड सांभाळतो. पण हा चौकोन कोणत्या नियमाने वाचायचा, हे सांगणारे जे १५ बिट असतात, त्यातले ५ माहितीचे आणि १० निव्वळ दुरुस्तीसाठी. ही दुरुस्ती ज्या पद्धतीने होते तिला बीसीएच कोड म्हणतात. बी म्हणजे बोस. एच म्हणजे ऑकेंगेम, या फ्रेंच गणितज्ञाने तीच गोष्ट स्वतंत्रपणे १९५९ मध्ये मांडली होती, बोस यांच्या लेखाच्या एक वर्ष आधी. आणि सी म्हणजे चौधुरी. मात्र त्या माणसाचं आडनाव चौधुरी नाही, रे-चौधुरी आहे. कोडला नाव देताना त्यातला 'रे' गळाला.

टपरीवरच्या दादांना यातलं काही माहीत नाही. मलाही कॉलेजात बीसीएच ही तीन अक्षरं माहीत होती, माणसं नव्हती. तरी दहा रुपये बरोबर पोचतात. मग मी स्वतःला म्हणालो, बघ, कामाला नाव लागत नाही. पेमेंट सिस्टीम सुरू झाली ना? ती कुठल्या शुभमने सुरू केली याने काय फरक पडतो?

हा युक्तिवाद मला तीन दिवस पुरला. मग त्यातली खोट दिसली. कामाला नाव लागत नाही हे खरं. पण काम पगार घेत नाही, घरभाडं भरत नाही, त्याला प्रमोशन लागत नाही. हे सगळं माणसाला लागतं, आणि ते त्याच्यापर्यंत नावाच्या पत्त्यावरच येतं. शिवाय 'नावात काय आहे' हे वाक्य बोलतो कोण, हेही बघायला हवं. ज्याचं नाव लागलेलं असतं तोच बहुतेक वेळा हे बोलतो. माझं काम त्याच्या नावावर गेलं असतं, तर मला इतकी विरक्ती सुचली असती का?

आपल्याकडे फळाची आस सोडून कर्म करायला सांगितलं आहे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तीही मी त्या अकरा दिवसांत वापरून पाहिली. पण फळाचा त्याग ज्याचं फळ त्यानेच करायचा असतो. बंगळुरूच्या शुभमच्या फळाचा त्याग मी पुण्यात बसून करू शकत नाही. तो त्याग नव्हे.

तिसरं कारण कामाच्या पद्धतीतून आलं होतं. आमच्याकडे काहीच एकट्याचं नसतं. पहाटे तीनला त्याने जी ओळ बदलली, ती आधी दुसऱ्या कुणी लिहिली होती, तपासली तिसऱ्याने, सर्व्हरवर चढवली चौथ्याने. अशा कामात 'हे माझं' म्हणायला जागा उरते का? यावर माझं उत्तर आमच्या रोजच्या एका कमांडमध्ये मिळालं. कोडमधली कोणती ओळ शेवटी कुणी बदलली, हे सांगणाऱ्या कमांडचं नाव आहे गिट ब्लेम. ब्लेम म्हणजे दोष. हे नाव ज्याने ठेवलं त्याला नाव कशासाठी लागतं हे ठाऊक असावं. कोडवर नाव असतं ते मिरवायला नाही. उद्या ती ओळ मोडली तर कुणाला विचारायचं, हे कळावं म्हणून असतं. नाव म्हणजे प्रश्न पाठवण्याचा पत्ता. पुढच्या महिन्यात तीच पेमेंट सिस्टीम पुन्हा अडकली असती, तर सगळे पहाटे मला उठवणार होते. मला तिथलं काही येत नव्हतं. म्हणजे चुकीचं श्रेय ही त्याच्यापुरती गैरसोय नव्हती. ज्यांचे पैसे त्या सिस्टीममधून जातात, त्या कधी न पाहिलेल्या लोकांनाही ते महागात पडू शकत होतं.

एवढं कळूनही मी गप्प होतो. मग मनाने ऑफिस सोडून इतिहासात आधार शोधायला सुरुवात केली. तिथे मला बाप-लेकांच्या दोन जोड्या सापडल्या.

पहिली बर्नुलींची. या घराण्यात गणिती इतके झाले की पाठ्यपुस्तकातला बर्नुली कुठला, हे विद्यार्थी विचारतही नाही. नाणेफेकीच्या गणितातला बर्नुली म्हणजे याकोब. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की दाब कमी होतो, हे सांगणारा म्हणजे त्याचा पुतण्या डॅनियल. डॅनियलचा ग्रंथ १७३८ मध्ये आला. त्याचे वडील योहान, स्वतः मोठे गणिती. त्यांनी याच विषयावर आपलं पुस्तक नंतर छापलं आणि त्यावर १७३२ साल टाकलं, म्हणजे मुलाच्या आधी आपण हे केलं असं दिसावं. आडनाव तर एकच होतं. फक्त तारीख हलवायची होती.

दुसरी जोडी ब्रॅगांची. वडील विल्यम हेन्री, मुलगा विल्यम लॉरेन्स. आडनाव तर एकच, पहिलं नावही एकच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण ब्रॅगचा नियम घोकतो, स्फटिकावर पडलेले क्ष-किरण कोणत्या कोनातून जोरात परततील याचा. तो १९१२ मध्ये मुलाने शोधला, केंब्रिजमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी. वडील तेव्हा लीड्सला नामांकित प्राध्यापक होते आणि पुढचं बरंच काम दोघांनी मिळून केलं. १९१५ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. वडील प्रामाणिक होते, नियम मुलाचा आहे असं ते सांगत. तरीही लोक धरून चालत की मूळ डोकं थोरल्या ब्रॅगांचं असणार, आणि ही बोच मुलाला फार काळ राहिली. पुढे १९४१ मध्ये नाइटहूड मिळाल्यावर तो 'सर लॉरेन्स' झाला. 'सर विल्यम' घरात आधीच एक होते.

योहानची गोष्ट सोपी आहे, तिथे कोण चुकलं ते लगेच दिसतं. मला अस्वस्थ केलं ब्रॅगांनी. तिथे कुणीच खोटं बोललं नाही, तरी श्रेय उताराने वाहिलं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याला 'मॅथ्यू इफेक्ट' असं नाव दिलं. ज्याच्याकडे आधीच नावलौकिक आहे त्याच्याकडे आणखी येतो, आणि नवख्याचं काम असलं तरी लोक ते मोठ्याच्या नावावर टाकतात. म्हणजे अशा उतारावर नुसतं खोटं न बोलणं पुरत नाही. एकदा सांगूनही पुरत नाही. पाणी वर चढवायचं तर पुन्हा पुन्हा उपसावं लागतं. थोरल्या ब्रॅगांनी निदान उपसलं. मी बादलीच उचलली नव्हती.

इंजिनिअर असल्यामुळे माझ्या डोक्यात लगेच आलं की हा नामसाधर्म्याचा घोळ आहे, युनिक आयडी द्या, विषय संपला. संशोधकांच्या जगात हे झालंही आहे. त्यांची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. वांग, ली आणि झांग या तीन आडनावांचे मिळून वीस कोटींहून जास्त लोक चीनमध्ये आहेत. चिनी लिपीत वेगवेगळी दिसणारी नावं रोमन अक्षरांत आली की एकसारखी होतात. लांब कशाला, आपल्याकडे एस. चंद्रशेखर दोन. सुब्रह्मण्यन यांना ताऱ्यांवरच्या कामासाठी १९८३ चं नोबेल मिळालं. शिवरामकृष्ण यांनी बंगळुरूत १९७७ मध्ये थाळीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे द्रवस्फटिक शोधले. दोघेही लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो. आणि पहिले सी. व्ही. रामन यांचे पुतणे, दुसरे भाचे. ग्रंथालयाच्या कार्डावर दोघं एकच. म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड नावाची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक, शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून काढलेला, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर पकडली जावी.

याचा उलटा प्रश्नही हा क्रमांक सोडवतो, आणि तो बायकांच्या वाट्याला जास्त येतो. आमची अडचण दोन माणसं आणि एक नाव. त्यांची एक माणूस आणि दोन नावं. कमला भागवत यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. १९४७ मध्ये लग्न झालं आणि पुढचं काम कमला सोहोनी या नावाने झालं. ज्याला हे माहीत नाही त्याला कागदावर दोन अर्ध्या बायका दिसतील. माझ्या टीममधल्या एका मुलीने लग्नानंतर मेल-आयडी बदलून घेतला, तेव्हा गिटमध्ये तिची आधीची तीन वर्षं अनोळखी बाईची झाली. ती हसत म्हणाली, "माहेरची मी वारले."

तर आकडा उपयोगी आहे. पण माझ्याकडे आकडा होताच की. माझ्या आयडीत २ होता, त्याच्यात नव्हता. व्यवस्थेला आम्ही दोघे स्वच्छ वेगळे दिसत होतो. घोळ झाला तो टाइप करणाऱ्याच्या बोटातून, आणि टिकला तो माझ्या तोंडामुळे. 'कुठला पाटील' हे सोळा अंक सांगू शकतात. 'तो मी नव्हे' हे मलाच सांगायचं होतं.

अकराव्या दिवशी मी त्याला फोन केला. प्रसंगाचं वजन वाढेल असं काही त्यात नव्हतं. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अरे हां, मला वाटलंच होतं त्यांनी मेल केला असेल. कॉलवर म्हणाले होते." म्हणजे तो वाट बघत होता.

मग म्हणाला, "जानेवारीत तो एस्केलेशनचा मेल तू मला फॉरवर्ड केला होतास, आठवतं?"

मला आठवत होतं. जानेवारीत एका रागावलेल्या ग्राहकाचा मेल चुकून माझ्याकडे आला होता. मी फोन ठेवून तो मेल शोधला. आलेली वेळ ११:०६. मी त्याच्याकडे पाठवला ती वेळ ११:१०. खाली लिहिलं होतं, 'हा तुझ्यासाठी आहे बहुतेक.' वर मॅनेजर सीसीमध्ये.

दोष पोचवायला चार मिनिटं लागली. श्रेय पोचवायला अकरा दिवस. जानेवारीत मी प्रामाणिक होतो का? मेल तर योग्य माणसाकडे गेला होता, तोही तातडीने. पण ज्या प्रामाणिकपणात आपलं काहीच जात नाही, त्याला मी तोवर आपला स्वभाव समजत होतो.

दोन्ही मॅनेजरांना मी त्याच दिवशी मेल केला. माझा मॅनेजर म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि पुढच्या मीटिंगला गेला. रेटिंग मात्र गोठलं होतं. दोघांचंही. पुढच्या वर्षी लक्षात ठेवू, असं त्याच्या मॅनेजरने लिहिलं. व्हाउचर परत घ्यायची सोयच सिस्टीममध्ये नव्हती. मग मी पाच हजार त्याला यूपीआयने पाठवले. त्याने आधी नको म्हटलं, मग क्यूआर पाठवला. मी तो स्कॅन केला. पंधरा बिट वाचले गेले, जिथे चूक असेल तिथे दुरुस्ती झाली, आणि हिरव्या स्क्रीनवर आलं की शुभम पाटील यांनी शुभम पाटील यांना पाच हजार रुपये दिले.

बघणाऱ्याला वाटेल, या खिशातले त्या खिशात. पैसे पोचले. त्याच्या त्या वर्षाच्या फॉर्मवर पहाटे तीनची ती ओळ अजून नाही.